फिर्यादी नसलेले गुन्हे : किश्वर देसाई यांच्या कादंबऱ्यांविषयी

खून होतो, प्रेत सापडतं, कोणीतरी पोलीस ठाण्याकडे धाव घेतं, पंचनामा होतो आणि तपास सुरू होतो. गुन्हेकथेचा पाया गेली दीडशे वर्षं हाच आहे. पण काही गुन्ह्यांत ठाण्याकडे धाव घेणारंच कोणी नसतं. पोटातला गर्भ मुलीचा आहे म्हणून काढून टाकला, तर फिर्याद कोण देणार? नवऱ्याची, सासूची, डॉक्टरची संमती असते. आईची घेतलेली असते किंवा गृहीत धरलेली असते. आणि जिचा जीव गेला, तिचं नाव कुठल्याच नोंदवहीत चढलेलं नसतं. साऱ्या घराला ठाऊक असलेला आणि तरीही कागदावर कधीच न उमटणारा हा गुन्हा आहे.

चंडीगडमध्ये वाढलेल्या किश्वर देसाई यांनी इंग्रजी गुन्हेकथा नेमकी या जागी आणून उभी केली. 2010 ते 2013 या काळात त्यांच्या तीन कादंबऱ्या आल्या : 'विटनेस द नाइट', 'ओरिजिन्स ऑफ लव्ह' आणि 'द सी ऑफ इनोसन्स'. तिन्हींची नायिका एकच, सिमरन सिंग नावाची समाजसेविका. पहिल्या कादंबरीचा विषय मुलींची हत्या, दुसरीचा सरोगसीचा व्यापार आणि तिसरीचा गोव्याच्या किनाऱ्यावरचा लैंगिक अत्याचार. मराठी वाचकाला त्यांचं नाव परिचयाचं असलंच, तर दिवंगत अर्थतज्ज्ञ लॉर्ड मेघनाद देसाई यांच्या पत्नी म्हणून किंवा अमृतसरच्या फाळणी संग्रहालयाच्या संस्थापक म्हणून. कादंबरीकार म्हणून त्यांची ओळख आपल्याकडे फार कमी झाली. त्यांच्या लेखनात शिरण्यापूर्वी त्यामागचं शहर, समाज आणि आयुष्य समजावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. रहस्यं मात्र मी फोडणार नाही. ती वाचकाचीच आहेत.

किश्वर यांचा जन्म 1956 साली अंबाल्याचा. वडील पदम रोशा पोलीस अधिकारी होते आणि पुढे पंजाब पोलिसांचे प्रमुख झाले. लेकीचं वाढणं चंडीगडमध्ये झालं. हे शहर त्या वेळी जेमतेम तिच्याच वयाचं होतं. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी नवी राजधानी वसवायचं ठरलं. 1951 पासून ल कॉर्बुझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची आखणी हाती घेतली. 7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी तिचं उद्घाटन केलं. 1 नोव्हेंबर 1966 रोजी हरियाणा वेगळा झाला. तेव्हापासून चंडीगड केंद्रशासित आहे आणि दोन राज्यांची राजधानीही आहे. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय एकाच आवारात उभी आहेत. कायदा करणारे, राबवणारे आणि त्याचा अर्थ लावणारे, सगळे इथे एकमेकांचे शेजारी.

रुंद रस्ते, आखीव सेक्टर, हिरवे पट्टे, शिकलेली नोकरदार माणसं. भारतात नागरी सुव्यवस्थेचा नमुना म्हणून या शहराकडे बोट दाखवलं जातं. या शहराचा एक आकडा मात्र त्याच्या नकाशात दिसत नाही. 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे चंडीगडमध्ये 845 मुली होत्या. पंजाबात 798, हरियाणात 819. निसर्गाच्या प्रमाणानं हा आकडा साडेनऊशेच्या आसपास असायला हवा. म्हणजे बंगल्यांच्या, फाटकावर नावाच्या पाट्या लावलेल्या या वस्त्यांतूनही मुली नाहीशा होत होत्या. अशिक्षितपणाकडे बोट दाखवून मोकळं होण्याची सोय या शहरानं ठेवलेली नाही. देसाईंच्या पहिल्या कादंबरीतलं घर जालंधरचं आहे, पण तेही असंच सुखवस्तू आणि प्रतिष्ठित. गुन्ह्याचा शोध त्यांनी गरिबाच्या झोपडीत घेतला नाही, हे लक्षात ठेवून ती कादंबरी वाचावी.

कादंबरीकडे त्या पन्नाशी ओलांडल्यावर वळल्या. 1977 साली दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी, मग 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये राजकीय वार्तांकन, मग अनेक वर्षं दूरचित्रवाणीत निवेदन, निर्मिती आणि व्यवस्थापन. 'तारा पंजाबी' या वाहिनीच्या त्या प्रमुख होत्या. सआदत हसन मंटोवर त्यांनी नाटक लिहिलं. फाळणीच्या हिंसेत बाईच्या देहावर काय गुदरलं हे ज्या लेखकानं बिनदिक्कत लिहिलं, त्याच्याकडे त्या इतक्या आधी वळल्या होत्या, याची नोंद त्यांच्या पुढच्या वाटचालीसाठी महत्त्वाची आहे. 2004 मध्ये त्यांचा मेघनाद देसाई यांच्याशी विवाह झाला आणि दिल्ली, लंडन व गोवा असं आयुष्य सुरू झालं. 2007 मध्ये नर्गिस आणि सुनील दत्त यांच्या सहजीवनावरचं 'डार्लिंगजी' हे त्यांचं चरित्रात्मक पुस्तक आलं.

या सगळ्यातून कादंबरी कशी निघाली? पंजाबात वाहिनीचं काम करताना त्यांना एक बाई भेटली. जन्मताच आपल्याला संपवायचा प्रयत्न घरच्यांनी केला होता आणि आपण त्यातून वाचलो, असं तिनं सांगितलं. ही भेट मनातून गेली नाही, असं देसाईंनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. या भेटीत त्यांच्या कादंबरीचं सगळं बीज आहे. सहसा या गुन्ह्याला साक्षीदार उरत नाही. इथे जी मरायची होती तीच जगून, मोठी होऊन, समोर बसून बोलत होती.

पंजाबात हा गुन्हा जुना. जन्मलेल्या मुलीला अफू चाटवून किंवा उपाशी ठेवून मारणाऱ्या घरांना 'कुडीमार' म्हणत. कुडीमारांशी संबंध ठेवू नयेत, असा 'रहत मर्यादा' या शीख आचारसंहितेचा स्पष्ट दंडक आहे. इंग्रज सरकारनं 1870 मध्ये बालिकाहत्या प्रतिबंधक कायदा केला. पुढे गर्भजलपरीक्षा आली. 1979 च्या सुमारास अमृतसरमध्ये लिंगनिदानाची जाहिरात करणारा दवाखाना सुरू झाला होता. मग सोनोग्राफी आली आणि अफूच्या जागी यंत्र आलं. केंद्राचा लिंगनिदानविरोधी कायदा 1994 चा. 2001 मध्ये अकाल तख्तानं स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध हुकूमनामा काढला. धर्माची आज्ञा होती, कायदाही होता. नव्हता तो फक्त फिर्यादी.

'विटनेस द नाइट'ची सुरुवात होते ती एका घरातल्या तेरा मृत्यूंनी. जिवंत सापडते फक्त चौदा वर्षांची दुर्गा, स्वतः जखमी आणि अत्याचार झालेली. पोलिसांच्या लेखी खुनी तीच. सिमरनला दिल्लीहून बोलावून घेतात ते या मुलीला बोलतं करण्यासाठी. सिमरन पोलीस नाही, वकील नाही, खासगी गुप्तहेरही नाही. तिच्या हाती अधिकार शून्य. ती चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, सिगारेट ओढणारी, मद्य घेणारी, आपल्या अटींवर जगणारी बाई आहे. आईच्या दृष्टीनं तिचं लग्न हा अजूनही सुटायचा प्रश्न आहे. तिची तपासाची पद्धत एकच : समोरच्याचं ऐकून घेणं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मुलीकडे आरोपी म्हणून न पाहणं. कादंबरी दुर्गाचं स्वतःचं कथन, सिमरनचा शोध आणि त्याच घराच्या इंग्लंडमधल्या एका सुनेशी चाललेला ईमेलचा व्यवहार, अशा तीन धाग्यांनी पुढे सरकते. हे सूत्र रचनेच्या हौसेपोटी आलेलं नाही. या घरात एकीनं सगळं सांगणं शक्यच नाही. प्रत्येक बाईकडे सत्याचा एकेक तुकडा आहे आणि त्या एकमेकींपासून दूर ठेवलेल्या आहेत.

दुर्गानं काय केलं, यापेक्षा त्या घरानं आधी काय काय केलं होतं, हा प्रश्न वाचता वाचता मोठा होत जातो. या कादंबरीला 2010 चा पहिल्या कादंबरीसाठीचा कोस्टा पुरस्कार मिळाला आणि पुढे तिची अनेक भाषांत भाषांतरं झाली. गुन्हेकथेच्या वेगळ्या रांगेत न बसवता साहित्याच्या मुख्य रांगेत तिचा विचार झाला, याला मी पुरस्काराहून अधिक महत्त्व देतो.

असं घडण्यामागे जगात तयार झालेली एक वाट होती. स्वीडनमध्ये मे शेवाल आणि पेर व्हालॉ या जोडप्यानं 1965 ते 1975 या दहा वर्षांत दहा पोलीसकथा लिहिल्या आणि सुखी कल्याणकारी राज्याच्या पोटातली दुखणी उघडी केली. शेजारच्या नॉर्वेत तर ईस्टरच्या सुट्टीत गुन्हेकथा वाचण्याची लोकरीतच आहे. तिचं मूळ 1923 मधल्या एका पुस्तकाच्या जाहिरातीत आहे. रेल्वे लुटल्याच्या बातमीसारखी ती वर्तमानपत्रात छापली होती. त्या देशातल्या दोन लेखिका इथे आठवतात. आना होल्ट यांनी पोलीस आणि वकिली जवळून पाहिली, 1993 मध्ये पहिली गुन्हेकादंबरी लिहिली आणि 1996-97 मध्ये काही महिने देशाचं न्यायमंत्रिपद सांभाळलं. कारिन फोसुम यांचं लेखन 1974 मध्ये कवितेनं सुरू झालं. त्यांनी रुग्णालयांत आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलं. त्यांच्या कादंबऱ्यांत खुनी बहुधा गावातलाच, ओळखीचा, कीव यावी असा माणूस असतो. खून मोजके होतात अशा देशात गुन्हेकथा इतकी का वाचली जाते? कारण तिथे ती समाजाची तपासणी करण्याचं साधन झाली आहे.

देसाई याच वाटेच्या प्रवासी आहेत, पण त्यांचा भार वेगळा आहे. नॉर्वेतल्या कादंबरीत पोलीस थकलेला असेल, चुकेलही, पण व्यवस्था तपास करणार हे गृहीत असतं. सिमरनला आधी हे सिद्ध करावं लागतं की गुन्हा घडला आहे. आना होल्ट राज्यव्यवस्थेच्या आतून लिहितात. पोलीसप्रमुखाच्या लेकीनं मात्र आपली नायिका पोलिसांच्या बाहेर उभी केली. वर्दीला घराच्या उंबऱ्याआड जाता येत नाही, सिमरनला येतं.

'ओरिजिन्स ऑफ लव्ह' 2012 मध्ये आली. दिल्लीजवळच्या एका रुग्णालयात सरोगसीतून जन्मलेली मुलगी बेवारस पडली आहे. तिला एचआयव्हीची बाधा आहे आणि ती ज्यांची, ते आईबाप तिथे नाहीत. तिकडे लंडनमध्ये मुलासाठी आसुसलेलं जोडपं, इकडे पैशासाठी गर्भाशय देणाऱ्या बायका, मधे दलाल, डॉक्टर आणि अधिकारी. इथेही फिर्यादी नाही, कारण कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत. त्या काळात भारतात व्यापारी सरोगसीला मोकळीक होती. तिच्यावर बंदी घालणारा कायदा 2021 मध्ये झाला. हाच विषय आपल्याकडे समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' या चित्रपटानं मायेच्या बाजूनं मांडला होता. देसाई तो व्यवहाराच्या बाजूनं मांडतात. दोन्ही शेजारी ठेवले तर प्रश्न पुरा दिसतो. या कादंबरीत धागे फार झाले आहेत आणि काही ठिकाणी पत्रकाराची माहिती कथेच्या पुढे धावते, हे मला मान्य आहे. तरी भारतीय कथेत या उद्योगाची इतकी बारीक चिरफाड त्याआधी माझ्या वाचनात नव्हती.

तिसरी कादंबरी मराठी वाचकाच्या सर्वांत जवळची, कारण ती गोव्यात घडते. सिमरन मुलीला घेऊन सुट्टीवर आली आहे. ही मुलगी म्हणजे तिनं आता दत्तक घेतलेली दुर्गा. अशात तिला एक चित्रफीत पाठवली जाते. तिच्यात एक विदेशी किशोरी आहे आणि तिच्याभोवती पुरुष. मुलगी नाहीशी झाली आहे आणि किनाऱ्यावर कोणालाच काही पाहिलेलं आठवत नाही. या कादंबरीमागे एक खरी घटना उभी आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये हणजुणेच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांची एक ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली. सुरुवातीला बुडून मृत्यू असं म्हटलं गेलं. तिची आई हटली नाही, दुसरं शवविच्छेदन झालं आणि अंगावरच्या जखमा नोंदल्या गेल्या. 2016 मध्ये दोन्ही आरोपी सुटले. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. फिर्यादी खंबीर असला तरी अकरा वर्षं लागतात. ज्यांना आई नाही, पैसा नाही, बाहेरचं पारपत्र नाही, त्यांचं काय होत असेल, याचं उत्तर कादंबरी वाचकाकडे मागते. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतरच्या संतापाचे पडसादही तिच्यात आहेत. गोवा म्हणजे मौजमजा, ही पर्यटकाची समजूत आणि पर्यटनावर पोट असलेल्या गावाचं गप्प राहणं, दोन्हींना त्या सारख्याच कठोरपणे प्रश्न विचारतात.

यानंतर देसाई कादंबरीपासून दूर गेल्या, असं वरवर दिसतं. मला तसं वाटत नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये फाळणी संग्रहालय रीतसर खुलं झालं. 1947 मध्ये याच तारखेला सीमारेषा जाहीर झाली होती. सुमारे दीड कोटी माणसं उखडली गेली. मेलेल्यांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. इतक्या मोठ्या कत्तलीचा आणि बलात्कारांचा हिशेब कोणत्याही न्यायालयात लागला नाही. सत्तर वर्षं या घटनेला स्वतंत्र संग्रहालयही नव्हतं. देसाईंच्या न्यासानं वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, पत्रं, कपडे, पेट्या, भांडी जमवली. 2023 मध्ये दिल्लीत दारा शिकोह ग्रंथालयाच्या इमारतीत दुसरं संग्रहालय झालं. दुर्गाला बोलतं करणारी सिमरन आणि ऐंशी-नव्वद वर्षांच्या निर्वासितांसमोर ध्वनिमुद्रक ठेवणारी संस्था यांचं काम एकच आहे. आणि ज्या शहराचा जन्मच लाहोर गमावल्यामुळे झाला, तिथे वाढलेल्या बाईनं ते करावं यात संगती आहे. जालियनवाला बागेवरचं त्यांचं 2018 चं पुस्तकही याच कुळातलं. देविका राणी यांच्या पत्रांच्या आधारे लिहिलेल्या 'द लाँगेस्ट किस' या चरित्राला चित्रपटविषयक सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा डोलारा सांभाळणाऱ्या या बाईला इतिहासानं नुसती देखणी नटी करून ठेवलं होतं. तिची बाजू त्या पुस्तकात तिच्या अक्षरांत येते.

आता आपल्याकडे वळू. मराठीत रहस्यकथेची कमतरता कधीच नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी वाचनालयांत रांगा लावल्या. गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी पुढच्या पिढ्यांना वाचायला लावलं. पण समीक्षेनं हा प्रकार करमणुकीच्या खणात ठेवून दिला, आणि घराच्या आतल्या गुन्ह्यांकडे तो फारसा वळला नाही. मुंबईत शल्यचिकित्सक असलेल्या कल्पना स्वामीनाथन यांनी निवृत्त पोलीस अधिकारी लल्ली उभी केली, तीही इंग्रजीत.

विषय मात्र आपल्या दारात आहेत. 2001 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या, म्हणजे चंडीगडहूनही कमी. सांगलीत 851. उसानं आणि सहकारानं समृद्ध केलेला हा मुलूख. 2011 मध्ये बीड 807 वर घसरला. लिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्येच केला होता. तो मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या चळवळीमुळे झाला. केंद्राचा कायदा राबवला जावा म्हणून 2000 साली जे सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था होत्या. तरी 2012 मध्ये परळीत आणि 2017 मध्ये म्हैसाळमध्ये स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं उघडकीस आली. म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. दोन्ही ठिकाणी तपासाला तोंड फुटलं ते गर्भपात करताना एकेक विवाहिता दगावली म्हणून. मुली गेल्या म्हणून नव्हे.

यामुळे देसाईंच्या कादंबऱ्या मराठी वाचकानं पंजाबची किंवा गोव्याची गोष्ट म्हणून वाचून बाजूला ठेवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाचताना खुनी कोण याचा अंदाज बांधावा, त्यात मजा आहेच. पण प्रत्येक प्रकरणात आणखी एक शोध घ्यावा : इथे कोणाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून कोण गप्प राहिलं? सिमरन हीच यादी करत जाते आणि तिन्ही कादंबऱ्यांचं खरं बळ त्या यादीत आहे.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक मागणी. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या सरकारी पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, डॉक्टरनं कर्करोगाची भीती घातली, अशी कारणं पुढे आली. इथेही संमतीपत्रावर सही किंवा अंगठा आहे, दवाखान्याची पावती आहे, आणि फिर्यादी नाही. हा मजकूर अहवालांत आला, बातम्यांत आला, विधिमंडळात आला. मराठी गुन्हेकथेत तो अजून आलेला नाही. त्या भागात वाढलेल्या, त्या बायकांची भाषा बोलणाऱ्या एखाद्या लेखिकेनं तो हाती घ्यावा. किश्वर देसाईंनी आपली पहिली कादंबरी पन्नाशीनंतर लिहिली, तेव्हा उशीर झाला असं कोणी मानायचं कारण नाही.

चंडीगड